पाण्याविना मुलामा

निकेल सल्फेटची बाटली फुटली त्या दिवशी मी झुंबरबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर त्या दोन महिने आमच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या, दिवसातून दहा वेळा माझ्या समोरून जात-येत होत्या. पण पाहिलं असं काही नव्हतं.

१९८७ सालचा डिसेंबर. धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल चाललं होतं. एका मुलाच्या हातून बाटली निसटली आणि हिरवंगार द्रावण फरशीभर पसरलं. आमचे विभागप्रमुख बोरसेसर नेमके दारातच उभे होते.

"झुंबरबाई, फडकं घ्या."

झुंबरबाई सिंकपाशी परीक्षानळ्या धूत होत्या. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, सावळी बाई. त्या वळल्या, फरशीवरचा हिरवा रंग त्यांना दिसला, आणि त्या चक्क दोन पावलं मागे सरकल्या. दोन्ही हात पदराखाली गेले.

"ऐकू नाही आलं का?"

"सर, हाई मी नही पुसाव," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीबी सांगा. संडास धुवाले सांगा, धुस."

मुलं हसली. बोरसेसरांचे कान लाल झाले. मी पटकन फडकं घेतलं, रबरी मोजे चढवले आणि फरशी पुसून काढली. सर जाता जाता माझ्याजवळ थांबले. "मॅडम, रोजंदारीवरची बाई जर कामाला नाही म्हणायला लागली, तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा तिला."

"आधी विचारते तरी, का नाही म्हणाल्या ते," मी म्हणाले.

मुलं गेल्यावर मी त्यांना सामानाच्या खोलीत बोलावलं. मी मूळची चोपड्याची. घरी आजोळची माणसं अहिराणीच बोलायची, त्यामुळे झुंबरबाईंशी बोलताना अडायचं कारण नव्हतं. तरी त्या आधी दारापाशीच थांबल्या. मग पदराखालून हात काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

बोटांच्या बेचक्यांतली कातडी जाड आणि काळपट झाली होती. मनगटापर्यंत जुन्या जखमांचे वण होते. डाव्या हातावर काचेच्या बांगड्यांच्या जागी नुसता काळा दोरा.

"अकरा वरीस निकेलच्या टाकीवर व्हतू मी," त्या म्हणाल्या. "जळगावले. तो हिरवा रंग मी झोपेतबी ओळखस."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. माहेर एरंडोलजवळच्या एका खेड्यात, वडलांची कपाशीची थोडी जमीन. चौथीपर्यंत शाळा. लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये आल्या. नवरा वना महाजन मगनशेठच्या मुलामा-कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होता. तिथे पितळी नळांच्या मुठी, सायकलच्या घंट्या, स्टोव्हचे भाग, खोटे दागिने असलं सगळं निकेल करायला यायचं. बायका माल तांब्याच्या तारेत ओवायच्या. झुंबरबाईही ओवायला बसल्या. पण त्यांचं लक्ष तारेवर कमी आणि टाकीवर जास्त. कोणता माल किती वेळ बुडवला, कधी हलवला, काळा पडला तर कारागीर काय करतो, हे त्या बसल्या जागेवरून बघायच्या. झुलाल नावाचा कारागीर एके दिवशी न सांगता सुरतेला निघून गेला, तेव्हा तयार टाकी आणि अर्धवट माल बघून मगनशेठ डोक्याला हात लावून बसले. झुंबरबाई उठल्या आणि टाकीपाशी गेल्या. संध्याकाळी सगळा माल चकचकीत होऊन बाहेर आला. त्या दिवसापासून टाकी त्यांची.

"अकरा वर्षांत माझा माल परत आला नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं. बहुधा मगनशेठ गिऱ्हाइकांना असंच सांगत असावेत.

सहाव्या वर्षी बोटांना खाज सुटली. आधी वाटलं, माल धुवायच्या सोड्यामुळे. मग फोड आले, मग भेगा. डॉक्टर म्हणाले, काम सोडा. त्यांनी खोबरेल लावलं आणि काम केलं. शेवटी हात इतके सुजले की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. तेव्हा वनानेच कारखाना सोडायचं ठरवलं. त्याच्या चुलतभावाने त्याला धुळ्याला बसच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लावून घेतलं. देवपुरात खोली घेतली. कॉलेजात बाटल्या धुवायला बाई पाहिजे असं कळलं, तशा त्या इथे आल्या.

"म्हटलं, कॉलेजात कुठून येणार निकेल? तर हाई आठेबी शे."

मी बोरसेसरांकडे जाऊन सगळं सांगितलं. निकेलच्या आणि क्रोमियमच्या बाटल्या यापुढे मी किंवा जुने परिचर उखर्डूभाऊ हाताळू, असं ठरलं. सर थोडे कुरकुरले, पण माणूस वाईट नव्हता. झुंबरबाई राहिल्या. त्यांनी मला धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरची काचेची सगळी भांडी अशी लख्ख धुऊन ठेवलेली होती, की मला त्यांत माझं तोंड दिसलं.

त्याच वर्षी मी पीएच.डी.साठी नाव घातलं होतं. माझे मार्गदर्शक पुण्याला. विषय असा, की धातूवर ॲल्युमिनिअमचा मुलामा चढवायचा. निकेल, तांबं, चांदी पाण्यातल्या द्रावणातून चढतात. ॲल्युमिनिअम चढत नाही, कारण वीज सोडली की ॲल्युमिनिअमच्या आधी पाण्यातला हायड्रोजनच सुटतो. म्हणून पाणी नसलेला द्रव लागतो. अलीकडे अशा द्रवांना आयनी द्रव म्हणतात आणि त्यांच्यावर परिषदा भरतात. तेव्हा आम्ही नुसतं 'वितळलेलं मीठ' म्हणायचो, आणि धुळ्यात तरी ते करणारी मी एकटीच होते.

या द्रवाचा एक नखरा होता. हवेतली जराशी ओल लागली की तो बिघडायचा, धूर सोडायचा. म्हणून मी एका सुताराकडून पारदर्शक प्लास्टिकची पेटी करून घेतली होती. तिच्या पुढच्या बाजूला दोन भोकं, भोकांना कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे बसवलेले. पेटीत कोरडा नायट्रोजन सोडायचा, मोज्यांत हात घालायचे आणि बाहेर उभं राहून आतलं काम करायचं. पावसाळ्याचे चार महिने पेटी बंद ठेवावी लागे. पण मार्च ते मे धुळ्याची हवा अशी भाजकी कोरडी असते, की तेवढ्यापुरतं पुणेकरांनी माझा हेवा करावा.

पहिल्यांदा द्रव केला तेव्हा झुंबरबाई फडकं घेऊन बाजूला उभ्या होत्या. पेटीत एका पेल्यात पिरिडीनपासून केलेलं पांढरं मीठ होतं. त्यात मी कोरडं ॲल्युमिनिअम क्लोराइड चमच्या-चमच्याने टाकत होते. दोन्ही पांढऱ्या भुकट्या. बघता बघता त्या ओल्या झाल्या, मग चिकट, आणि पाच मिनिटांत पेल्यात बिनदुधाच्या चहासारखा पातळ द्रव हलायला लागला. पेला गरम झाला.

झुंबरबाई पुढे वाकल्या. "पाणी कधी घातलं तुम्ही?"

"नाही घातलं."

"मग पातळ कसं झालं?"

मी सांगितलं, की मीठ म्हणजे धन आणि ऋण कणांची घट्ट बांधणी. घरातलं मीठ वितळवायला भट्टी लागते. पण कणांपैकी एक मोठा आणि वेडावाकडा असला, की बांधणी नीट बसतच नाही, ती खोलीच्या उष्णतेवरही सुटते. हा सगळा द्रव म्हणजे मीठच. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी विचारलं एवढंच, "ह्यात हात बुडवावा लागत नही ना?"

"बुडवून चालणारच नाही. पेटी उघडायचीच नाही."

त्या बराच वेळ त्या दोन रबरी मोज्यांकडे बघत राहिल्या.

पुढची दोन वर्षं माझी फजितीची गेली. पोलादाची पट्टी द्रवात टांगायची, समोर ॲल्युमिनिअमची पट्टी, वीज सोडायची. आणि पोलादावर यायचं काय, तर काळी भुकटी. बोटाने पुसली की निघून जायची. कधी कडेकडेने करडा थर दिसला, तर पट्टी जरा वाकवताच पापुद्रे उडायचे. मीठ मी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. प्रमाण बदललं. पट्ट्या घासल्या, ॲसिटोनने धुतल्या, भट्टीत सुकवल्या. १९९० च्या मार्चमध्ये पुण्याहून पत्र आलं. मार्गदर्शकांनी लिहिलं होतं, की मुलाम्याचा नाद सोडावा, नुसते विजेचे आलेख काढावेत, प्रबंध त्यावरही होईल. पत्र मी दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून बसले. मी रडत नव्हते, पण कुणी बोललं असतं तर रडले असते.

झुंबरबाई काळ्या पडलेल्या पट्ट्या गोळा करत होत्या. एक पट्टी त्यांनी खिडकीशी नेली, उन्हात तिरपी धरली, नखाने खरवडली.

"मॅडम, एक बोलू? राग नका धरू."

"बोला."

"हाई माल जळेल शे."

मला कळेना. त्यांनी पट्टीची कड दाखवली. "जास्त करंट दिला, की निकेलबी असंच काळं येतं. आधी कडा जळतात. आम्ही 'माल जळला' म्हणायचो. करंट कमी करा. आणि माल नुसता टांगून ठेवू नका, हलवत राहा. समोरचं पाणी शिळं होतं."

मी डोकं वर केलं. शाळेतल्या पोरीसारखी वही पुढे ओढली. "आणि पापुद्रे का उडतात?"

"तो धुतला नही म्हणून."

"धुतला की. ॲसिटोनने."

"तो हातानं धुतला. करंटनं कोठे धुतला?" मग त्या समजावून सांगायला लागल्या आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. इतकी वर्षं खालच्या मानेने बोलणारी बाई आता उस्ताद झाली होती. "तठे आम्ही माल आधी सोड्याच्या गरम टाकीत टांगायचो, आणि तारा उलट्या लावायचो. चढवायच्या ऐवजी उतरवायचं. अंगावरचा न दिसणारा मळ, गंज, बठ्ठं निघी जास. मग सुलट्या तारा, मग निकेल. न्हातल्याशिवाय माल अंगाला काही लावून घेत नही."

"पण सोड्यात पाणी आहे, अक्का," मी म्हणाले. त्यांना अक्का म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. "पट्टी तिथून काढून पेटीत नेईपर्यंत तिला पुन्हा हवा लागणार. पुन्हा गंजाचा पातळ थर येणार."

"मग ह्याच्यातच उतरवा ना."

"कशात?"

"ह्या तुमच्या मिठाच्या रसात. आत गेल्यावर आधी उलटा करंट, मग बाहेर न काढता सुलटा. हवा कोठून लागी?"

मी उठून उभी राहिले. इतकी साधी गोष्ट. दोन वर्षांत मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचली होती, आणि ती माझ्या डोक्यात आली नव्हती. कारण मी आयुष्यात कधी सायकलची एक घंटासुद्धा निकेल केली नव्हती.

"तुम्ही कराल का?" मी विचारलं. "मोज्यांत हात घालून?"

त्यांनी बांगड्या मागे सारायला म्हणून डाव्या मनगटाला हात लावला, तिथे नुसता दोरा होता. मग दोन्ही हात भोकांतून आत घातले. पहिल्यांदा त्यांची बोटं त्या जाड रबरात चाचपडली. मग पट्टी उचलली, तारेला अडकवली. अडीच-तीन वर्षांनी त्या मुलाम्याच्या टाकीवर उभ्या होत्या, आणि हातांना काही लागत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी बटणांपाशी होते आणि त्यांनी मला सारखं दटावून ठेवलं होतं.

"लावा उलटा," त्या म्हणाल्या, आणि पुटपुटायला लागल्या. मी कान दिला. "जळगाव, बांभोरी, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. धुळे, फागणे, मुकटी, पारोळा..." परत जळगाव आलं. "बस. सुलटा!"

मगनशेठच्या कारखान्यातलं घड्याळ कायम बंद असायचं. लहानपणी वडलांबरोबर एस.टी.ने जाताना कंडक्टर ओरडायचा ती गावं त्यांना पाठ होती. एक जाणं आणि एक येणं, तेवढा उलटा करंट. नंतर मी स्टॉपवॉच लावून पाहिलं, तर त्यांचं जाणं-येणं बावीस-तेवीस सेकंदांत व्हायचं, कधी एका सेकंदाचा फरक. मी पाच सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंत सगळं करून पाहिलं. सगळ्यात चांगला थर वीस ते पंचवीसमध्ये बसला.

पण ते नंतरचं. त्या दुपारी कमी विजेवर पाऊण तास पट्टी हलवत त्या उभ्या राहिल्या. उखर्डूभाऊंनी चहा आणला, तो तसाच निवला. पट्टी बाहेर काढून धुतली तेव्हा ती पांढरी होती. चकचकीत नाही, दुधावरच्या सायीसारखी मंद, एकसारखी पांढरी. मी बोट फिरवलं. काही निघालं नाही. मी चिकटपट्टी लावून ओढली, तरी काही निघालं नाही.

"द्या इकडे," अक्का म्हणाल्या. हातात घेऊन एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही अंगठे मधोमध लावून पट्टी काटकोनात वाकवली. माझ्या तोंडून "अहो!" निघालं. वाकल्या जागी थर तसाच होता. एक पापुद्रा नाही.

"परत नही येवाव हाऊ माल," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन उन्हाळे आम्ही दोघींनी त्या पेटीपाशी काढले. कारखान्याच्या टाकीवर जे त्यांना डोळ्यांनी कळायचं, ते मी आकड्यांत मांडायची. त्या मला 'मॅडम'वरून 'ताई'वर आल्या. प्रबंध १९९२ साली दिला. चौथ्या प्रकरणात मी लिहिलं, की उलट्या विजेने पृष्ठभाग त्याच द्रवात साफ करण्याची पद्धत श्रीमती झुंबरबाई वना महाजन यांनी त्यांच्या कारखान्यातल्या अनुभवावरून सुचवली. मार्गदर्शकांनी ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे आभार शेवटी मानावेत.' मी ते वाक्य पुन्हा घातलं. तेवढं धैर्य दाखवलं. पण त्याच कामावर जो शोधनिबंध छापून आला, त्यावर दोनच नावं होती, मार्गदर्शकांचं आणि माझं. तिथे मी भांडले नाही. आज लिहिताना ते टोचतं, म्हणून लिहून ठेवते.

प्रबंधाची बांधलेली प्रत मी अक्कांना दाखवली. त्यांनी आपलं नाव बोटाने वाचलं. मग प्रत मिटवून विचारलं, "आता जळगावले कधी न्यायचं?"

"काय न्यायचं?"

"हाई. मिठाचा रस. मगनशेठकडे तठल्या बायास्ना हात माझ्यासारखेच होऊ राहिले. भिकुबाईचे तर माझ्याहून बेकार. ह्या पेटीत हात खराब होत नही ना? म्हणून तर मी दोन वरीस..."

त्या थांबल्या, कारण माझा चेहरा त्यांना दिसला असणार.

मला सांगावंच लागलं. की या द्रवाला हवा चालत नाही; की कारखान्यात खोलीएवढी पेटी आणि दिवसभर नायट्रोजन लागेल; की एक पेलाभर द्रव करायला मला आठवडा लागतो; की यातून निकेल नव्हे, ॲल्युमिनिअम चढतं, आणि घंट्या नि नळांच्या मुठींना ते कुणी मागणार नाही. विमानाच्या सुट्या भागांना, परदेशात, कधीतरी. मी जितकं सांगत गेले, तितकं मलाच ते वाईट ऐकू यायला लागलं.

"मग आपण हे कुणासाठी केलं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी प्रबंधाची प्रत उचलून कपाटात ठेवली.

तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "अक्का, रविवारी जळगावला जाऊ. रस नेता येणार नाही, पण आपण दोघी तर जाऊ शकतो."

मगनशेठचा कारखाना म्हणजे मेहरूणमधली एक लांब पत्र्याची शेड. रविवारीही काम चालू होतं. मगनशेठ साठीचे, डोक्याला टोपी, अक्कांना बघून खुर्चीतून उठले. "अरे, झुंबर! ये बेटा. तुझ्यासारखा हात परत मिळाला नाही बघ." हे ते मनापासून म्हणाले, म्हणून मला त्यांच्यावर रागावता येईना.

टाकीपाशी पाच बायका होत्या. माल ओवलेल्या तारा हाताने धरून त्या टाकीत बुडवत होत्या, हलवत होत्या, आणि काढताना हिरवं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. भिकुबाईने आम्हाला हात दाखवले. मी बघितले आणि नजर दुसरीकडे वळवली. अक्कांनी वळवली नाही. त्या भिकुबाईचा हात आपल्या हातात घेऊन बोट न् बोट बघत बसल्या.

"मोजे का देत नाही यांना?" मी मगनशेठना विचारलं.

"दिले होते, मॅडम. पेटीभर पडलेत. घालतच नाहीत."

"मोज्यात तार समजत नही," भिकुबाई म्हणाली. "माल पाण्यात पडस. घामबी येस."

मगनशेठ माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने बघायला लागले. उत्तर अक्कांकडे होतं. त्या शेडभर फिरून आल्या होत्या, आणि त्यांनी कोपऱ्यातून एक लोखंडी सळई आणि सायकलची फाटकी ट्यूब उचलून आणली होती.

"शेठजी, हात टाकीवर जावालेच नको," त्या म्हणाल्या. "कॉलेजात मी दोन वरीस पेटीच्या बाहेर उभी राहून काम केलं. माल आत, मी बाहेर. तसंच आठे करा. तारा हातात धरायच्या नाही. टाकीवर आडवी सळई ठेवा, तिला आकडे लावा, आकड्यांवर ही ट्यूब चढवा. फक्त टोक उघडं, जिथे माल टेकतो. बाहेर लाकडी दांडा. दांडा हलवला की बठ्ठा माल एका वेळी हलतो."

"त्याने माझा काय फायदा?"

"सगळा माल समोरच्या निकेलपासून सारख्या अंतरावर राहतो. कडा जळणार नही. आता दहातले दोन जळतात, मी मोजून आलू. ते टोपलं पाहा."

टोपल्यात काळ्या कडांच्या मुठी पडल्या होत्या. मगनशेठनी टोपी काढून पुन्हा घातली.

पहिला आकड्यांचा सांगाडा वनाभाऊंनी केला. बसच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरकडून सळया जोडून घेतल्या, ट्यूब स्वतः चढवली. तो तुटला, दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये द्रावण शिरून आतलं लोखंड उतरलं, सगळी टाकी बिघडली आणि मगनशेठनी धुळ्याला फोन करून माझ्याकडे अर्धा तास तक्रार केली. तिसरा मात्र चालला. त्याला कारखान्यात सगळे 'झुंबर' म्हणायला लागले. त्याला लटकलेल्या चमकत्या मुठी बघून म्हणायचे, की बाईच्या नावाने म्हणायचे, मी विचारलं नाही.

सगळंच नीट झालं असं नाही. निकेलची खाज एकदा अंगात भिनली की पुरती जात नाही. भिकुबाईच्या भेगा बुजल्या, पण थंडीत अजून फुटायच्या. दुसऱ्या एकीला काम सोडावंच लागलं. ती वडापावची गाडी लावायला लागली. मात्र नंतर कामाला लागलेल्या दोन बायकांचे हात चार वर्षांनीही साफ होते. मी स्वतः जाऊन पाहिले. शोधनिबंधाच्या आकड्यांकडे बघून मला जेवढं समाधान कधी झालं नाही, तेवढं ते चार हात बघून झालं.

अक्का १९९४ साली कायम झाल्या. नियमाप्रमाणे सातवी पास लागत होती आणि त्यांची चौथीच होती. बोरसेसरांनी, म्हणजे ज्यांनी त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा, असं मला म्हटलं होतं त्यांनीच, तीन पानी पत्र लिहिलं, की सात वर्षांचा अनुभव आहे आणि अशी परिचर सबंध विद्यापीठात नाही. पत्र वाचून दाखवलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "सर, लिहिलं तर भारी शे, पण निकेल मी अजूनबी नही पुसाव." सर मोठ्याने हसले.

१९९६ च्या डिसेंबरात मगनशेठनी दुसरी टाकी घातली आणि तिच्यासाठी आणखी एक सांगाडा मागितला. अक्कांनी दोन दिवसांची रजा टाकली. मी म्हटलं, "मी पण येते."

"तुमचं लेक्चर आहे ना? मी जाऊन येते," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

सोमवारी त्या आल्या तेव्हा कापडी पिशवीत मेहरूणची बोरं होती, टपोरी, पिकून तांबूस झालेली. प्रयोगशाळेत खायला बंदी. म्हणून अक्कांनी ती बाहेर व्हरांड्यात नेली, आणि बोरसेसर, उखर्डूभाऊ, मी, असे आम्ही तिथेच कठड्याला टेकून बोरं खात उभे राहिलो. अक्का दुसऱ्या टाकीचं सगळं सांगत होत्या. आकड्याचं टोक कुठे आणि किती वाकवावं लागलं, ते बिया थुंकत थुंकत, दोन्ही हातांनी हवेत करून दाखवत होत्या.